आगीचं कारण

पोरगी पाचटात उभी व्हती, आन् पाचट हाललं ते तिच्या पायाखालचं न्हाई, तिच्यापासनं आठ-धा पावलं पल्याडचं.

मी चुलीम्होरं बसल्याली. आमची वस्ती शेतातच हाय, घराच्या मागं अंघोळीच्या पाण्याची चूल, आन् चुलीपासनं चार पावलांवर रान सुरू. दिवस मावळतीला टेकल्याला. पोरगी अडीच वर्साची, कोंबडीच्या पिल्लामागं गेल्याली, मी म्हणलं जाऊंदे, डोळ्याम्होरं तर हाय. आमचं कुत्रं, जे वाऱ्यावरबी भुंकतं, ते शेपूट पोटात घालून माझ्या पायाशी आलं आन् गप बसलं. ते गप बसलं तवा मी मान वर केली.

पाचट म्हंजी ऊस तोडून नेल्यावर रानात उरतो तो वाळका पाला. गुडघाभर असतो, पिवळा. बिबट्याबी पिवळा. तो दबून बसला की पाचट आन् तो एकच. मला आधी कान दिसलं, मग शेपटीचं टोक, ते हळूच हालत व्हतं, मांजर उंदराम्होरं बसल्यावर हालतं तसं. पोरगी त्याच्याकडं पाठ करून पिल्लाला म्हणत व्हती, ये ये ये.

मी आरडले का न्हाई ते मला आठवत न्हाई. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, घरातच व्हत्या, त्या म्हणत्यात आवाज आलाच न्हाई. चुलीतलं जळतं लाकूड उचललं कवा तेबी आठवत न्हाई, हाताला आल्यालं फोड नंतर दिसलं. डोक्यात एकच, जनावर आगीला भेतं. माझं माहेर खुटबाव, दौंडाकडचं. तिथं आमचा बाप ऊस तुटला की पाचट पेटवून द्यायचा आन् म्हणायचा, एकदा आग फिरली की रानात ना साप ऱ्हातो ना जनावर. ल्हानपणापासनं ऐकल्यालं ते. मी पळत गेले आन् लाकूड फेकलं, त्याच्या आन् पोरीच्या मधी.

पाचट पेटतं कसं ते बघितल्याशिवाय कळायचं न्हाई. ते धुमसत बसत न्हाई. भस्सदिशी माझ्याएवढी आग उभी ऱ्हायली. आन् वारा पोरीकडं व्हता. वारा कुठला हाय हे मी बघितलंच न्हवतं.

मग मी त्यातच घुसले. तिला एका हातानं उचललं, दंडाला धरून, हिसका मारून. तिच्या कपाळावरचं केस करपून आखडल्यालं, तो वास आला आन् मला वाटलं पोरगीच जळाली. ती रडतबी न्हवती, माझ्या तोंडाकडं बघत व्हती. बिबट्यानं बांधावरनं एक उडी मारली आन् शेजारच्या उभ्या उसात गेला. मागं सगळं रान पेटल्यालं, ठिबकच्या नळ्या वितळून त्यांचा काळा धूर, आन् मी वट्यावर पोरीचं हातपाय चाचपत बसल्याली, बोटं मोजत, पुन्यांदा मोजत.

सगळ्यात आधी पळत आली ती बांधावरची काकू. तिचं रान आमच्या रानाला लागून. तिनं पोरीकडं बघायच्या आधी रानाकडं बघितलं आन् म्हणाली, "अगं बया, कार्बन गेलं की आपलं."

हे मी मरस्तवर इसरणार न्हाई.

आता कार्बन म्हंजी काय ते मलाबी मागल्या सालापरेंत ठाऊक न्हवतं. मी नववी नापास. मग कार्बनच्या कंपनीचा एक साहेब आला, पोरसवदा, पायात पांढरं बूट. इथं कवठ्याला आमच्या वस्तीजवळच्या देवळाच्या मंडपात त्यानं पडदा लावून मीटिंग घेतली. म्हणाला, पाचट जाळलं की धूर होतो, धुरानं हवा तापती, हवा तापली की पाऊस येळंवर येत न्हाई. तवा जाळू नका, रानातच कुजवा. मग जो धूर झालाच न्हाई, तो आम्ही मोजू, इकू आन् पैसं तुमाला देऊ.

मामा, म्हंजी माझं सासरं, मागनं म्हणालं, "न झालेला धूर इकायचा? मग साहेब, मी न प्यालेली दारूबी घ्या की इकायला. लई साठलीया."

सगळा मंडप हसला. आत्याबाई म्हणाल्या, "न प्यालेली कुठली, त्या रिकाम्या बाटल्या काय मी केल्यात का?" तवा अजून हसला.

साहेबबी हसला. म्हणाला, "आबा, तसंच समजा. ज्या कारखान्याला धूर कमी करता येत नाही, तो तुमच्याकडून हा विकत घेणार. आत्ता बाहेरच्या देशातले लोक घेतात, पण आता आपलं सरकारही असा बाजार उभा करतंय. कायदा झालाय. पुढं जाऊन तुमच्या पाचटाला उसाएवढा मान येईल बघा."

आमचं मालक रांजणगावला एमआयडीसीत कामाला. घरी येताना ते मला म्हणालं, "म्हंजी आमच्या कंपनीची चिमणी हाय तशी चालणार, आन् तू चुलीत फुंकर मारताना इचार करायचा."

तवा मी हसले. आता ते आठवलं की दात खावं वाटत्यात.

सह्या झाल्या, आजूबाजूच्या रानांचा मिळून एक गट झाला. सातबाऱ्यावर मामांचं नाव, म्हणून सही मामांची. पण मामांना मोबाईलातलं कळत न्हाई, मालक शिफ्टला, म्हणून फोटोचं काम माझ्यावर आलं. दर आठ दिसांनी रानाच्या चारी कोपऱ्यांत उभं ऱ्हायचं, फोटो काढायचा, ॲपात टाकायचा. माझं बघून काकूनं तिचं काम माझ्यावर ढकललं, मग तिच्या जावंनं, असं करत आमच्या गटातल्या सगळ्या रानांचं फोटो मीच काढाय लागले. बाया मला पाचटवाली म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. साहेबाचा फोन यायचा, "ताई, तुमचे फोटो सगळ्यात क्लिअर." लग्न झाल्यापासनं माझं कुठलं काम चांगलं हाय असं कुणी म्हणलं न्हवतं.

आन् जमीनबी सुधारली, हेबी सांगते. पाचट उचलून बघितलं की खाली गार ओल, गांडुळं. पाणी कमी लागाय लागलं. साहेब त्या बाबतीत खोटं बोलला न्हवता.

पण गटाची अट अशी व्हती की एकानं पेटवलं की सगळा गट बाद. आन् कोण पेटवतंय ते वरनं सॅटेलाईट बघतं.

बिबट्याचं मी तवाच इचारलं व्हतं. त्याच मीटिंगमधी, पोरीला कडंवर घेऊन, उभी ऱ्हाऊन. म्हणलं, "साहेब, आमच्याकडं जनावर हाय. पाचट ठेवलं की ते दबून बसतं. आमची घरं रानात, ल्हान पोरं हायेत." साहेबानं वहीत लिवून घेतलं आन् म्हणाला, "चांगला मुद्दा आहे ताई, वर कळवतो." वर कळवतो म्हणाला. वर ते सॅटेलाईट हाय ना, त्यालाच कळवलं असंल.

पाचटाची कुट्टी करायचं मशीनबी सरकार देणार व्हतं. बारीक कुट्टी केली की जनावराला लपायला जागाच ऱ्हात न्हाई. आम्ही नंबर लावला. मशीन आलंबी. डांबरी रस्त्याकडच्या रानात चाललं, लोकांनी फोटो काढलं, टाळ्या वाजवल्या, आन् आमच्या पाणंदीच्या कच्च्या वाटंत ते शिरलंच न्हाई. चाक रुततंय म्हणालं.

तर आग लागली त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी एकामागनं एक तिघं आलं.

आधी फॉरेस्टचा गार्ड. म्हणाला, "ठसं दाखवा."

म्हणलं, "त्या राखंत असत्याल."

त्यानं काठीनं राख उकरली. "ताई, ठसा न्हाई, मारल्यालं जनावर न्हाई, तुमचं कुत्रंसुदिक शाबूत हाय. पिंजरा मागायला मी वर काय लिवू? रानमांजरबी मोठं असतं."

मी पोरीला फुडं केलं, करपल्यालं केस दाखवलं.

तो म्हणाला, "हे तर आगीनं."

बरोबर हाय, आगीनंच. बिबट्यानं केलं असतं तर दाखवायला पोरगी ऱ्हायली नसती, मग मिळाला असता पिंजरा. हे मी तोंडावर बोलले न्हाई. मनात बोलले, अजून बोलते.

माणूस वाईट न्हवता तसा. त्यानं पिशवीतनं एक पट्टा काढून दिला, बाहेरच्या बाजूला खिळं ठोकल्याला. आमच्याकडं बाया आता असलं पट्टं गळ्यात घालून खुरपायला जात्यात, जनावर मानंला धरतं म्हणून. आधी कुत्र्यांना घालायचो, आता आम्ही घालतो. मी इचारलं, पोरीच्या मापाचा हाय का. त्यानं पिशवीत हात घालून बघितलं, खरंच बघितलं, आन् मान हालवली. मग म्हणाला, "तलाठी भाऊसाहेब पंचनामा करत्याल त्यात आगीचं कारण बिबट्या म्हणून आलं, तर ती नक्कल जोडून पिंजरा मागतो. त्याबिगर माझ्या हातात काय न्हाई."

तेवढ्यात कंपनीचा साहेब गाडीवरनं आला. घामाघूम. "ताई, पहाटेच माझ्या लॅपटॉपवर तुमच्या रानाचा लाल ठिपका आला."

मी म्हणलं, "साहेब, बिबट्याचा येतो का ठिपका?"

त्यानं मोबाईल काढला, त्यातला फॉर्म दाखवला. म्हणाला, "यात दोनच पर्याय आहेत. मुद्दाम लावलेली आग आणि अपघात. विजेच्या तारेची ठिणगी वगैरे असेल तर अपघात, मग गट वाचतो. पंचनाम्याची नक्कल मला जोडावी लागेल."

"मी मुद्दाम लावली," मी म्हणलं. "पोरीसाठी लावली."

"तेच सांगतोय ताई. ते मुद्दाममध्येच जातं."

मी म्हणलं, "तिसरा खाना न्हाई का?"

म्हणाला, "फॉर्म मी बनवला नाही ताई."

मी साहेबाला म्हणलं, मीटिंगमधी मी इचारलं व्हतं ते वहीत लिवलंय ना तुम्ही, ती वही काढा. तो म्हणाला, ती वही जुनी, ऑफिसात हाय.

मग तलाठी भाऊसाहेब आलं. बाजेवर बसलं, मांडीवर कागद घेतला. तवर आमच्या अंगणात सगळा गट जमल्याला. काकू, तिची जाऊ, वस्तीवरचं आप्पा, जे गटाचं मुख्य. घरातली माझ्या मागं दारात. पोरगी माझ्या मांडीवर.

भाऊसाहेबांनी नाव, गट नंबर, क्षेत्र सगळं लिवलं आन् म्हणालं, "आगीचं कारण? एकच लिहायचंय. एकच ओळ आहे."

त्या एका ओळीत पिंजरा न्हाईतर गट. दोन्ही मावत न्हवतं.

काकू माझ्याजवळ बसली, गुडघ्यावर हात ठेवला. "मपलं ऐक," ती म्हणाली. इकडं माझ्याला मपलं म्हणत्यात. "पोरगी हाय ना तुझ्या मांडीवर? मग झालं तर. तार म्हण. तारंचं काय जातंय, ती काय उठून बोलणार हाय का?"

आप्पा म्हणालं, "सूनबाई, समद्यांनी वरीसभर राखल्यालं तुझ्या एका लाकडानं जायला नको. आन् बिबट्या काय, तो ह्या शिवारात कायमच हाय. तो काय आज आलाय व्हय?"

"मग आजवर कुणी लिवलं का न्हाई आप्पा?" मी म्हणलं.

आप्पांनी तपकीर काढली.

मी मालकांना फोन लावला. मशीनचा आवाज येत व्हता. ते आग लागल्याल्या रात्री रजा मागत व्हतं, मिळाली न्हाई. मी सांगितलं असं असं हाय, काय सांगू. ते म्हणालं, "तू बघ. मला इथनं काय कळत न्हाई." आन् फोन ठेवला. सगळ्या कागदावर सही बाप्यांची, सातबारा बाप्यांचा, आन् जवा खरं काय ते बोलायची येळ आली तवा तू बघ.

फक्त मामा म्हणालं, "तिला इचारलंय ना, तिला बोलू द्या. सगळी मिळून तिच्या तोंडात घास का कोंबताय?"

सगळ्यांचं डोळं माझ्यावर. त्यातल्या एकाबी डोळ्यात मला माझी पोरगी दिसंना. मला ह्याच लोकांत ऱ्हायचंय, ह्याच पाणवठ्यावर, ह्याच बांधावरनं जायचंय, उद्या पोरीला ताप आला तर ह्याच काकूच्या गाडीवरनं दवाखान्यात न्यायचंय. मी म्हणलं, "तार."

भाऊसाहेबांनी लिवलं आन् वाचून दाखवलं, "विद्युत वाहिनीच्या ठिणगीमुळे." माझ्या जळत्या लाकडाचं एवढं चांगलं नाव मी कवा ऐकलं न्हवतं.

गार्डनं वही मिटली. "मग इथं माझं काम न्हाई," म्हणाला आन् गेला. कंपनीचा साहेब म्हणाला, "थँक्यू ताई." काकूनं पोरीच्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आत्ता दिसली तिला पोरगी.

दोन दिसांनी वायरमन आला, भांडायलाच. "माझ्या तारंवर आळ घेता? तुमच्या रानावरनं तार जाती कुठनं ते दाखवा की." मामा त्याला म्हणालं, "चहा घे बाबा. ती बी न झालेल्या धुरासारखीच तार हाय."

त्याच्यावर मला हसू आलं न्हाई.

तवापासनं मी पोरीला वट्याखाली उतरू दिलं न्हाई. कामाला जाताना तिला ओढणीनं बाजंच्या पायाला बांधते, वासरासारखी. ती पहिल्यांदा रडली, आता रडत न्हाई, आपणहून पाय फुडं करती, बांध म्हणून. ते बघितलं की मला कुणाचातरी गळा धरावा वाटतो आन् कुणाचा ते कळत न्हाई. साहेबाचा धरावा तर त्यानं फॉर्म बनवला न्हाई. गार्डचा धरावा तर त्याला वरनं नक्कल लागती. सरकारचा गळा कुठं असतो ते मला शाळंत शिकवलं न्हाई.

आन् मग धा-बारा दिसांनी, सकाळी, उजाडल्याउजाडल्या, काकूच्या वट्यावरनं शेळी नेली त्यानं. दावं तसंच ऱ्हायल्यालं. त्या वट्यावर काकूचा नातू रोज खेळतो, माझ्या पोरीच्याच वयाचा. काकू आमच्या दारात आली, पदर धड न्हाई, आन् माझ्यावरच वरडली, "तू बघितलं व्हतंस ना गं त्याला? मग त्या दिशी तसं बोलली का न्हाईस?"

माझ्या तोंडात लई आलं व्हतं. पण मी तिला वट्यावर बसवलं आन् पाणी दिलं.

त्याच गार्डनं शेळीचा पंचनामा केला. ह्या शिवारातली पयलीच घटना म्हणून नोंद झाली. मी त्याला इचारलं, पिंजरा कवा. म्हणाला, "जिथं नोंदी जास्त तिथं आधी जातो ताई. तुमची तर पयलीच हाय." पयलीच. कागद त्यानं माझ्याम्होरं धरला, जणू मीच लिवल्याला. मीच तर लिवल्याला.

त्याच आठवड्यात मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला, अभिनंदन, तुमचा गट पात्र. मागनं साहेबाचा फोन. त्यांचं एक पुस्तक निघणार हाय, बाहेरच्या लोकांना दाखवायला, त्यात माझा पोरीबरोबरचा फोटो पायजे, पाचटात उभं ऱ्हाऊन, हसत. मी म्हणलं, पोरीचं केस अजून आलं न्हाईत. तो म्हणाला, टोपी घाला ना. मी फोन ठेवला, पयल्यांदा मी आधी ठेवला.

आमच्या रानात आता राखंतनं फुटवं वर आलंत, हिरवंगार. बाकीच्यांच्या रानात पाचट हाय तसंच. दर आठ दिसांनी मी अजून फोटो काढायला जाते, गळ्यात खिळ्याचा पट्टा घालून, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात काठी. फोटोत मी येत न्हाई, पट्टा येत न्हाई, नुसतं पाचट येतं. क्लिअर. जाऊ नको म्हणते स्वतःला, पण मी न्हाई गेले तर गट बाद, आन् मग सगळं पुन्यांदा माझ्या लाकडावर येणार.

मी चुकले का न्हाई हे मला एवढ्या दिसांत कळलं न्हाई. लाकूड फेकलं ते चुकलं का तार म्हणले ते चुकलं, का मीटिंगमधी एकदाच इचारून खाली बसले ते. म्हणून तुमाला इचारते. तलाठी भाऊसाहेबांचा पेन उघडा हाय, अंगणात सगळं गाव बसलंय, नवऱ्यानं फोन ठेवलाय, मांडीवर पोरगी हाय आन् तिच्या कपाळाला जळक्या केसांचा वास येतोय. ओळ एकच हाय. तुम्ही काय लिवाय सांगितलं असतं?